हिरवी रिंग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून काही लपवून ठेवणं म्हणजे काय दिव्य असतं, ते आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणूनच कदाचित जमेल.

मी हेलिकॉप्टरं दुरुस्त करायचो. उरणच्या बाजूला आमच्या कंपनीचं हँगर आहे; समुद्रातल्या तेलविहिरींवर कामगारांना नेणारी-आणणारी हेलिकॉप्टरं तिथे तपासणीला येतात. मी खारघरचा, इक्बाल पनवेलचा. रोज त्याच्याच बाइकवर मागे बसून जायचो. पेट्रोलचे पैसे काढले की तो रागवायचा.

पत्र्याखाली मे महिन्यात काम करून बघा, मग आमचं कोल्ड्रिंकचं वेड कळेल. प्रत्येकाचं ठरलेलं असे. माझं ऑरेंज, इक्बालचा जिरा सोडा — त्याला आम्ही काढा म्हणायचो आणि त्याच्याशिवाय कुणी त्याला हात लावत नसे. पॅन्ट्रीच्या भिंतीवर प्रत्येकाची एक तार होती. कॅन संपला की झाकणावरची रिंग तोडायची आणि आपल्या तारेत ओवायची. महिनाअखेर ज्याची तार सगळ्यात लांब, त्याने सगळ्यांना वडापाव द्यायचा. मोठी माणसं होतो आम्ही, पण चालायचं. इक्बालची तार सगळी हिरवी, कारण जिरा सोड्याच्या कॅनलाच तेवढी हिरवी रिंग.

त्या दिवशी फ्रिजमधलं ऑरेंज संपलं होतं. इक्बालने आपला कॅन माझ्या हातात दिला. "घे रे, एक दिवस काढा पी. काय मरनार नाय." मी प्यायलो. रिंग तोडली, पण ती माझ्या तारेत कशी घालणार? हिशोबाने ती त्याची. नंतर त्याच्या तारेत ओवू म्हणून शर्टाच्या खिशात टाकली. तेवढ्यात आम्हा दोघांना एकाच हेलिकॉप्टरच्या कामाला हाक आली.

मशीनवर चढण्याआधी खिसे ट्रेमध्ये रिकामे करायचे, हा आमचा पहिला नियम. किल्ली, नाणं, पेनाचं टोपणसुद्धा. मी पँटचे केले. शर्टाचा — नाही केला. कॉकपिटच्या तळाची फळी उघडून मी बराच वेळ आत वाकलो होतो.

इथपर्यंत ती चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते, नाही का? पण संध्याकाळी निघताना मी खिसा चाचपला. रिंग नव्हती. पडली असेल कुठेतरी, असं स्वतःशी म्हणालो. कुठे, ते विचारलं नाही. की विचारलं होतं, आणि उत्तर नको होतं? एका शब्दावर ते हेलिकॉप्टर थांबवता आलं असतं. मी बाइकवर बसून घरी आलो.

पुढच्या तपासणीपर्यंत ते उडत राहिलं, माणसं घेऊन, समुद्रावरून. पायलट ज्या पेडलनी हेलिकॉप्टरचं तोंड वळवतो त्यांच्या दांड्या त्या फळीखालून जातात. त्यांच्या अगदी शेजारी रिंग सापडली. अडकली असती तर — ते वाक्य मी आजवर पुरं केलेलं नाही.

चीफ इंजिनिअरनी सगळ्यांना उभं केलं. तळहातावर हिरवी रिंग. सगळे इक्बालकडे बघत होते. तो म्हणाला, "कॅन माझाच होता, सर."

आणि थांबला. माझ्याकडे बघितलं त्याने. खोटं काहीच बोलला नव्हता तो. उरलेलं माझ्यासाठी सोडलं होतं. मी बोलेन अशी त्याची खात्री होती, हे मला त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. मी बुटांकडे बघत राहिलो.

त्याला मशीनला हात लावायची बंदी झाली. त्या संध्याकाळीही त्याने मला खारघरला सोडलं. मी उतरल्यावर म्हणाला, "उद्यापासून तू बसने ये." काही महिन्यांत नोकरी सोडून गेला. जासईजवळच्या कंटेनर यार्डात मशिनरी दुरुस्त करतो म्हणतात. चांगला हात होता त्याचा, माझ्यापेक्षा चांगला. हेलिकॉप्टरवर जीव होता. तेच मी त्याच्यापासून तोडलं.

आता कंपनीने मला नव्या मुलांना सुरक्षा शिकवायला नेमलंय. पहिल्या दिवशी मी त्यांना रिंगची गोष्ट सांगतो, कारण तिच्याइतकी कुठलीच त्यांच्या लक्षात राहत नाही. नाव घेत नाही. "आमच्यातला एक जण," म्हणतो.

परवा एका मुलीने विचारलं, "सर, त्यांनी कबूल केलं का?"

मी म्हणालो, "हो. लगेच."