गाडी झोपली आहे, हळू बोला

अख्ख्या ओहायोत हिवाळाभर सुखाने झोपणारा जीव एकच, आणि तो म्हणजे माझ्या मामेसासऱ्यांची जुनी गाडी, हे मी छातीठोकपणे सांगतो. ओहायोतल्या या डब्लिन गावचे आम्ही बाकीचे लोक बर्फ उपसून कंबर धरून बसलेलो असतो, तेव्हा ही बाई मामांच्या गराजमध्ये सुती साड्यांची गोधडी पांघरून पडलेली असते. प्लॅस्टिकचं कव्हर मामांना वर्ज्य. "प्लॅस्टिकखाली ओल धरते, मग गंज चढतो," असं म्हणून त्यांनी मामींच्या जुन्या साड्या स्वतः मशीनवर शिवल्या. ती हिरव्या काठांची गाडी पाहायला मी पाहुण्यांना मुद्दाम घेऊन जातो. मामा मात्र दारातच हळू आवाजात बजावतात, "गाडी झोपली आहे."

मामा आयुष्यभर पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. दसऱ्याला झेंडू, कुंकू, अक्षता वाहून पूजा झाली की ते गाडी झोपवायला घेतात. टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. पेट्रोल नासू नये म्हणून त्यात औषध घालायचं आणि ते इंजिनपर्यंत पोचावं म्हणून गावातून एक फेरी मारायची. मग ऑइल बदलायचं. मी एकदा म्हणालो, "मामा, ऑइल उन्हाळ्याच्या तोंडावर बदलू की." तर म्हणाले, "तुम्ही पाय न धुता अंथरुणात शिरता का?" मी शिरतो, पण ते तिथे सांगण्याची सोय नव्हती. हँडब्रेक ओढायचा नाही, कारण ब्रेक चिकटून बसतात. चाकांना लाकडाचे ठोकळे लावायचे. बॅटरी काढून बेसमेंटमध्ये देवघराशेजारी चार्जरवर ठेवायची, त्यामुळे हिवाळाभर मामींच्या निरांजनाच्या जोडीला तिचा हिरवा दिवा असतो. सायलेन्सरच्या नळीत उंदीर शिरू नये म्हणून मामींची तारेची घासणी कोंबायची, आणि ती काढायला विसरू नये म्हणून स्टिअरिंगला लाल फीत बांधायची. शिवाय उंदरांना पळवायला पुदिन्याच्या तेलाचे बोळे. नातीला तर गाडीत चिप्स खायला बारा महिने बंदी. ती बिचारी एकदा म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट अ कार!" मामा म्हणाले, "तुझी आई जन्मली तेव्हा तिला हॉस्पिटलमधून हिनेच घरी आणलंय. शूज काढ आधी."

या सगळ्यामागे मामींची एक अट होती. पाडव्याला पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली नाही, तर ती विकायची. त्यामुळे गुढी उभारली की आम्ही सगळे जीव मुठीत धरून ड्राइव्ह-वेवर उभे राहायचो. दर वर्षी गाडी सुरू व्हायची आणि मामा आमच्याकडे असे पाहायचे, की जणू ओहायोतला बर्फ त्यांनीच वितळवलाय. दोन वर्षांपूर्वी मात्र किल्ली फिरवली आणि काही म्हणजे काही झालं नाही. मामांनी बॉनेट उघडलं. वायरी कुरतडलेल्या होत्या आणि शेजारी उंदराने थाटलेल्या संसारात कुंकवाने लाल झालेले तांदूळ होते. नातीच्या चिप्सवर पहारा ठेवणाऱ्या मामांनी पूजेच्या भरात बॉनेटवर मूठभर अक्षता उधळल्या होत्या. त्या काचेखालच्या जाळीतून थेट आत गेल्या होत्या. मामांनी किल्ली काढून मामींच्या हातात दिली. "चूक माझीच आहे. विकून टाकू." त्यांचा इतका पडलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. मामींनी किल्ली मुठीत धरली. "अक्षतांचं तबक मीच पुढे केलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि ड्रायव्हिंग मी हिच्यावर शिकलेय. अट माझी होती, मीच कॅन्सल करते. वायरी बदला." त्या दिवशी श्रीखंड मामांपेक्षा मीच जास्त खाल्लं.

गेल्या वर्षी डोळ्यांमुळे डॉक्टरांनी मामांचं ड्रायव्हिंग बंद केलं. तरी दसऱ्याला त्यांनी गाडी निव्वळ हाताच्या सवयीने झोपवली. मला फक्त टॉर्च धरू दिला. अक्षता आता गाडीपुढच्या पाटावर वाहतात. यंदाच्या पाडव्याला किल्ली फिरवायला मामी बसल्या. मामा बॉनेटवर तळवा टेकवून मान खाली घालून उभे राहिले. पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली, आणि मला असला अभिमान वाटला, की मी ड्राइव्ह-वेवर एकटाच टाळ्या वाजवत राहिलो. मग मामा चाचपडत दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. इतक्या वर्षांत त्या बाजूला ते कधी बसलेच नव्हते. पट्टा कुठे अडकवायचा ते त्यांना सापडेना. मामींनी वाकून तो लावून दिला आणि गिअर टाकला.

"हळू घे," मामा म्हणाले. "आत्ताच उठली आहे."