ढालीचा पत्ता

जळगावात आमच्या शेजारी राहणारे भाऊ मोबाइलवरचा पत्त्यांचा खेळ नवख्यांना शिकवतात. एका मिनिटाचा व्हिडिओ, फोन प्लॅस्टिकच्या पाइपाला बांधलेला आणि प्रत्येक वाक्य दोनदा. "हळू टाका, हळू टाका. पत्ता पळून जात नाही, पळून जात नाही." मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, म्हणून व्हिडिओखालच्या मजकुराचं शुद्धलेखन त्यांनी माझ्याकडे सोपवलं. त्याचा मला अभिमान आहे.

एकदा चाळीसगावच्या एका बाईंनी लिहिलं, "भाऊ, तुम्ही सांगितलं तसा वार अडवायचा ढालीचा पत्ता आधी टाकला आणि रोज हरले."

मी म्हणालो, "माफीचे दोन शब्द लिहून टाकू."

"चूक घरी जाऊन कबूल करतात, घरी जाऊन."

बाईंचं घर विचारून घेतलं आणि आम्ही केळ्यांची फणी घेऊन रेल्वेत बसलो.

बाई शिवणकाम करायच्या, सगळे त्यांना अक्का म्हणायचे. भाऊंनी हात जोडले आणि त्यांना नीट शिकवायला म्हणून त्यांच्याशीच खेळायला बसले. अक्का एकेक शिवण संपवून पत्ता टाकत होत्या. भाऊ पाचही डाव हरले.

"तुन्हं ऐकनं सोडी दिधं, तवयपासून मी हारत नही," अक्का म्हणाल्या. "पयले समोरनाले टाकू दे ना! तुले इतली घाई कसानी शे?"

भाऊंचे कान लाल झाले. मला वाटलं, संपलं आता शिकवणं. त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि अक्कांचं बोलणं तळहातावर लिहून घेतलं.

हल्ली नवखे काही विचारतात, तेव्हा भाऊ खेळाबद्दल बोलतच नाहीत. चाळीसगावची गाडी किती वाजता आहे, ते सांगतात.