मामीचा डाग गेला

टिंक्चरचा वास आला की मला कळंबची मामी आठवते. मामी म्हणजे नुसता आवाज. तिनं अंगणातून हाक मारली की स्टँडवरचा एसटीचा ड्रायव्हर वळून बघायचा. थायरॉइडची गोळी ती रोज शिव्या देत घ्यायची. एकदा निसर्गोपचाराचं शिबिर भरलं. तिथल्या वैद्यानं तिच्या मनगटावर टिंक्चर आयोडीनचा चौकोन रंगवला आणि सांगितलं, की डाग लवकर गेला तर शरीराला आयोडीन कमी पडतंय, म्हणजे थायरॉइड बिघडलेला आहे. मामी ऐकायची कमी, बोलायची जास्त. तिच्या कानात ‘डाग गेला’ एवढंच शिरलं. संध्याकाळी मनगट कोरं झालं आणि तिनं गल्लीत पेढे वाटले. ‘डाग गेला म्हंजी रोगच गेला की रं.’ मामा म्हणाले, ‘तुझी बडबड जाऊ दे, मग खातो पेढा.’ आम्ही लई हसलो. गोळ्या बंद झाल्या, शिबिरात सांगितलेलं धने उकळलेलं पाणी सुरू झालं. दिवाळीपर्यंत तिचा चेहरा सुजला, भर उन्हात ती शाल पांघरून बसू लागली. मी विचारलं, ‘मामी, गोळी चालू हाय का?’ माझा चहा संपला तरी उत्तर येईना. मग कुणा परक्या पुरुषासारख्या घोगऱ्या आवाजात ती सावकाश म्हणाली, ‘कशाला? डाग गेलाय की.’ त्याच थंडीत मामी गेली. आता मामा एकटेच असतात. मी काही विचारलं की ते हात वर करून मला थांबवतात. ‘थांब जरा, तिचं बोलून होऊ दे.’ आणि एरवी कुणाला बोलू न देणारा मी गुमान थांबतो.