कतारच्या उत्तर किनाऱ्यावर एकादशीचं पाणी

सगळा दोष त्या क्रूझचा. रेवाच्या वर्गातली एक मुलगी सुट्टीत कॅरिबियनला जाऊन आली. तिथे म्हणे बोट बंदराला लागली की यादीच हातात ठेवतात. आज कुठला बीच, कुठलं बेट, लहान मुलं असतील तर कुठे जायचं, सगळं लिहिलेलं. तेव्हापासून आमच्या आठ वर्षांच्या कन्येचं एकच पालुपद, "आई, आय वॉन्ट ॲन आयलंड." मी म्हटलं, बाई गं, तुझा बाप गॅस प्लांटमध्ये शिफ्ट करतो, आपण अल खोरच्या कॉलनीत राहतो, आपल्या नशिबातली क्रूझ म्हणजे कंपनीची बस. पण ऐकेल तर शपथ.

त्यात आबा आलेले. आबा म्हणजे माझे सासरे, कोकणातले जुने तांडेल. चाळीस वर्षं मासेमारीची होडी चालवली. व्हिजिट व्हिसावर आले होते आणि परत जायला दहा-बारा दिवस उरले होते. एवढ्या दिवसांत आजोबा-नातीचं धड बोलणं काही झालं नव्हतं. ते मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, मग दोघंही माझ्याकडे बघायची. "पोरीला मी काय देऊ गो वैशाली?" ते एकदा म्हणाले. "समुद्र सोडून मला काय येतंय?"

आता माझं सांगते. मी नाशिकची. पाण्याशी माझा संबंध घाटावर पाय बुडवण्यापुरता. समुद्राला मी घाबरते, सरळ घाबरते, आणि रेवाला गुडघ्याच्या वर पाण्यात कधी जाऊ दिलेलं नाही. त्यामुळे मुलं घेऊन कुठे जायचं हा प्रश्न मी चार चार दिवस चघळते. सीलाइनला जावं तर शुक्रवारी वाळूवर गाड्या उडवणारी पोरं, उंटवाले, आणि पार्किंगवरून भांडणं. दुखानचं पाणी छान, पण पार दुसऱ्या टोकाला, आणि आदल्या रात्री ड्यूटी केलेल्या नवऱ्याकडून तेवढं ड्रायव्हिंग करून घ्यायचं माझ्या जिवावर येतं. फुवैरित सुंदर आहे, लहान मुलांना उत्तम, आम्ही तीनदा गेलोय. पण तिथे बेट नाही. मग अजितला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कुणीतरी उत्तरेकडच्या एका ओसाड कोळीवाड्याबद्दल सांगितलं. माणसं कधीच सोडून गेली, घरं तशीच उभी, आणि ओहोटीला समोर वाळूचा उंचवटा उघडा पडतो, चालत जाता येतं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. शेवटपर्यंत वाचलंत की का ते कळेल.

"पाणी आलं तर?" मी विचारलं.

आबा हसले. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरपाशी गेले. अल खोरला आल्यापासून रोज सकाळी त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीने भरतीची वेळ लिहायचा त्यांचा नेम होता. कोकणातला साधा हिशेब: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. "शुक्रवारी एकादशी. अकराचे पाऊणपट सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला भरती, तिथून सहा तास पाणी उतरणार. दोन-सव्वादोनपर्यंत बिनघोर. चाळीस वर्षांत हा हिशेब चुकला नाय."

त्यांच्या शब्दावर मी हो म्हटलं. माझ्या मुलीला मी कुणाच्याही शब्दावर समुद्रात नेलं नसतं, त्यांच्या नेलं.

शुक्रवारी आठला निघालो. उत्तरेचा रस्ता सरळसोट, झाडाचं नाव नाही, तासाभराचा. पेट्रोल इतकं स्वस्त की त्याबद्दल लिहायची लाज वाटते. वाटेत एका केरळी टपरीसमोर हॉर्न दिला की गाडीत करक चहा मिळतो, रियालला एक कप, दाट आणि भरपूर गोड. तिथल्या चहावाल्याने रेवाचा टॉवेल बघून विचारलं, "उधर जा रहे हो, साब? उधर कोई नहीं रहता. बच्ची को ज़्यादा आगे मत भेजना." अजित म्हणाला, "नहीं भेजेंगे, शुक्रन." आबांचा उपास, म्हणून मी साबुदाण्याची खिचडी घेतलेली, आमच्यासाठी पुऱ्या-बटाटा. मुलं बरोबर असतील तर पाणी दुप्पट न्या, तिथे प्यायला काहीही मिळत नाही. आणि गाडी पुढे घालू नका. किनाऱ्याची जमीन मिठागरासारखी, वरून कोरडी, आत चिकण.

साडेनऊला पोचलो. गाव पाहून रेवाची बडबड थांबली.

घरं दगडाची, शिंपल्यांची, बुटक्या भिंतींची. दारांच्या जागी नुसत्या चौकटी. एका खोलीत भिंतीला खुंटी होती आणि खुंटीला दोरीचा तुकडा. मशिदीचा मनोरा शाबूत. वारा अजिबात नव्हता. एवढ्या मोठ्या समुद्राकाठी उभं राहून काहीच ऐकू येत नाही, हे माझ्या आधी लक्षातच आलं नाही. मग आलं, आणि अंगावर काटा आला. लाट नाही, पक्षी नाही. मी खोकले तर पलीकडच्या घरात कुणीतरी खोकल्यासारखं वाटलं.

"आबा, पाणी कुठंय?" मी विचारलं.

पाणी नव्हतंच. पार लांब, डोळे बारीक केले तर दिसेल अशी एक रेघ. दहाही वाजले नव्हते. त्यांच्या हिशेबाने भरती होऊन दीड तास झालेला, म्हणजे पाणी अजून जवळच असायला हवं होतं. आबा कमरेवर हात ठेवून बघत राहिले. जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "उथळ हाय ना इथे, म्हणून लवकर निघून गेलं." मला ते पटलं नाही. पण मी नाशिकची, मी काय बोलणार!

अजित गाडीच्या सावलीत आडवा झाला. आम्ही तिघं निघालो, कारण रेवाला तिचं बेट दिसलं होतं.

वाटेत दगडांचा एक लांब बांध लागला, गुडघाभर उंच, शेवाळलेला. दुसरा तसाच बांध तिरका येऊन लांब त्याला मिळत होता. आबांचा चेहरा एकदम खुलला. "पोरी, बघ! हा मासे धरायचा बांध. भरतीला मासा वरून आत येतो. पाणी उतरायला लागलं की हा बांध त्याला अडवतो, कोपऱ्यात नेतो, आणि तिथून बाहेर पडता येत नाय. मग माणसं येतात टोपल्या घेऊन." रेवाने निदान ऐकलं तरी. मी भाषांतर करायला तोंड उघडलं तर म्हणाली, "आय नो, आई. आय गॉट इट."

बांधाच्या कडेकडेने अर्धा तास चालत आम्ही कोपऱ्याशी पोचलो. तिथे गुडघाभर डबकं होतं आणि डबक्यात मासे होते. जिवंत, बोटाएवढे, हाताएवढे, सगळे एकाच दिशेला तोंड करून. डबक्याच्या कडेला वाळलेले मासे. त्याखाली काटे. त्याखाली आणखी काटे, पांढरे, चुरा झालेले, जाड थर. पाय ठेवला की कुरकुर वाजायचे.

गाव सोडून माणसं गेली होती, पण बांधाला कुणी सांगितलं नव्हतं. रोज भरतीला मासे येत होते, रोज अडकत होते, आणि टोपली घेऊन येणारं कुणी नव्हतं.  आबा खाली वाकून ओंजळीने मासे बांधापलीकडच्या, समुद्राकडे वाहणाऱ्या ओघळात टाकायला लागले. रेवाही. दोघं एक शब्द न बोलता ते करत होती, आणि किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी घड्याळ बघायला हवं होतं.

पुढे पन्नास पावलांवर वाळूचा उंचवटा, आमचं बेट. तिथे बसून खाल्लं. रेवा म्हणाली, "माय आयलंड इज बेटर दॅन हर्स." आबांनी मला विचारलं नाही ती काय म्हणाली. त्यांना कळलं होतं. मला इतकं बरं वाटलं त्या क्षणी!

मग मी डबा बंद करून मागे वळून पाहिलं, आणि गावाची दोन गावं झालेली. एक सरळ, एक उलटं. मनोरा वर आणि मनोरा खाली.

आम्ही जिथून चालत आलो होतो तिथे पाणी होतं. आवाज नाही, लाट नाही, फेस नाही. आकाशाच्याच रंगाचं, त्यामुळे दिसलंच नव्हतं. पुढची रेघ जिथल्या तिथे होती आणि पाणी खोलगट जागांमधून, बाजूने, मागून भरत आलेलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आबा!"

ते उठले. पाणी बघितलं, सूर्य बघितला. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. "माझा हिशेब चुकला गो," एवढंच म्हणाले.

मी दोन्ही हात वर करून किनाऱ्याकडे हलवायला लागले, किंचाळले. गाडीपाशी अजित उठून उभा राहिलेला दिसला, बोटाएवढा. त्याने मजेत हात हलवला. मी आणखी हलवला. त्यानेही आणखी हलवला, दोन्ही हातांनी. कपाळ माझं!

मी रेवाचा हात धरून सरळ किनाऱ्याच्या दिशेने पळायला निघाले. आबांनी माझं मनगट धरलं, सासऱ्याने सुनेला कधी धरलं नसतं इतकं घट्ट. "सरळ नाय. सरळ गेलीस तर खाली चिखल, मध्ये खोल. बांधावरून. ज्यांनी बांधलाय त्यांना इथलं पाणी माहीत होतं. मला नाय."

बांध तोपर्यंत पाण्याखाली गेलेला. आबा पुढे, चपला काढून, पावलाने दगड चाचपत. मधे रेवा, त्यांचा सदरा धरून. मागे मी. पाणी आधी घोट्याला, मग पोटरीला. कोमट होतं, तेच जास्त वाईट वाटलं. दोन्हीकडे इतकं गुळगुळीत की कुठे पाणी संपतं आणि कुठे आकाश लागतं ते कळेना. ऐकू येत होते ते फक्त आमचे श्वास, आणि आबांचं "दगड... दगड... इथे नाय, डावीकडे... दगड."

खाली माझ्या पायांच्या बाजूने मासे आत चालले होते. सावकाश, रोजच्यासारखे.

"आई," रेवा मागे न बघता म्हणाली, "आर वी इन द ट्रॅप?"

 उत्तर आबांनी दिलं, मराठीत. "आपण बांधावर हाव बाळा. आत नाय. माझ्या पावलावर पाऊल ठेव."

बांध किनाऱ्याच्या चाळीसेक पावलं आधीच संपत होता. तिथे खोल खाच होती, जाताना कोरडी ओलांडलेली. तोवर अजितला काय ते उमगलं होतं आणि तो कपड्यांसकट पाण्यात शिरला होता. आबांनी रेवाला खांद्यावर घेतलं. पाणी त्यांच्या छातीपर्यंत आलं, माझ्या गळ्यापर्यंत. मी डोळे मिटले, खोटं कशाला सांगू. पायाखाली वाळू लागली तेव्हा मला रडूसुद्धा आलं नाही. रेवाच्या केसाला पाणी लागलं नव्हतं.

 मला आबांचा राग आला होता आणि तो मी दाखवला. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांनीही सारवासारव केली नाही. शनिवारी कॅलेंडरची चौकट रिकामी राहिली, रविवारीही. सोमवारी सकाळी ते मनगटाला घड्याळ बांधून कॉलनीच्या बसने कॉर्निशला, म्हणजे समुद्राकाठच्या फिरायच्या रस्त्यावर, गेले आणि उन्हं चढेपर्यंत दगडावर बसून पाणी बघत राहिले. शाळा सुटल्यावर रेवाला हट्टाने बरोबर नेलं. मी नाही म्हणणार होते. रेवा म्हणाली, "ही वोन्ट लेट मी गो डाउन, आई." पुढे रोज तेच.

ते कोकणात परत गेल्यावर मी कॅलेंडर पाहिलं. त्या सोमवारपासून प्रत्येक चौकटीत दोन वेळा होत्या. वरची त्यांच्या हिशेबाची, काट मारलेली. खालची डोळ्यांनी पाहिलेली. दोन्हींचा एकमेकींशी काही मेळ नव्हता. त्यांना जायचं होतं त्या दिवसाच्या चौकटीत चाळीस वर्षं होडी चालवलेल्या माणसाने लिहिलं होतं, "माहीत नाही."

माझा राग तिथे संपला.

तुम्ही इकडे येणार असाल तर फुवैरितला जा. मुलं खूश होतील. उत्तरेला जायचंच असेल तर इथल्या बंदरावरच्या कोळ्यांना पाण्याची वेळ विचारा, आपल्याकडची तिथी घेऊन येऊ नका. मी परत जाणार नाही. पण दुपारी भांडी घासताना नळ बंद केला आणि घरात एकदम शांत झालं, की मला ते मासे आठवतात. आत्ता या क्षणी ते आत येत असतील, किंवा अडकले असतील, आणि ओंजळीने बाहेर टाकायला कुणी नाही.

परवा रेवा म्हणाली, मला कॉर्निशला ने. पेन्सिल घेऊन आबांच्या दगडावर बसली. पाणी आलं, तसंच, आवाज न करता. तिने माझा मोबाइल मागून घेतला आणि कोकणात फोन लावला.

"आबा, पाणी आलं. सव्वाचारला."

 पलीकडचं मला बाजूला उभं राहूनही ऐकू आलं, "लिहून ठेव गो. आणि दगडावरून बघ. खाली उतरू नकोस."

माझी इंग्रजी बोलणारी मुलगी पाण्यावरची नजर न हलवता म्हणाली, "नाय उतरत, आबा."