आमेन म्हणजे सही

आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांची प्रार्थना संपून सगळ्यांचं आमेन झालं, तरी अजूनही क्षणभर कुणीच डोळे उघडत नाही. नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, काय भक्तिभावाची मंडळी आहे ही, प्रार्थनेत कशी बुडून गेली आहे! तसं काही नाही. आम्ही भालेराव काकांची वाट बघत असतो. काका गेले हे डोक्याला माहीत आहे, कानांना अजून पटलेलं नाही.

शमुवेल भालेराव हे सिडकोतल्या आमच्या रांगेतले शेजारी. त्यांच्या आणि आमच्या स्वयंपाकघरात एकच भिंत, तीही इतकी पातळ की त्यांच्याकडे मिरचीची फोडणी पडली की आमच्याकडे शिंका. काका मूळचे येवल्याकडचे. अंबडच्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात, त्यांनी उभी नोकरी काढली. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा आणि बरोबर असेल तरच त्यावर शिक्का मारायचा. निवृत्त झाले तेव्हा शिक्का तिथेच ठेवून आले, पण सवय घरी आणली आणि थेट देवाच्या कामाला लावली.

म्हणजे असं, की प्रार्थना चालू असताना आम्ही बाकीचे डोळे मिटून आपापल्या विचारात असतो. मला तर गॅस बंद केला की नाही हे नेमकं तेव्हाच आठवतं. शेवटी 'येशूच्या नावाने मागतो' एवढे शब्द कानावर आले की तोंडातून आमेन आपोआप निघतं. काका मात्र एकेक वाक्य ऐकत. सगळं पटलं तर घसा साफ करून, खर्जातल्या आवाजात, सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत मोठ्याने 'आमेन' म्हणत. एखादं वाक्य पटलं नाही तर गप्प. मी एकदा त्यांना छेडलं, "काका, देवाच्या दारीसुद्धा तपासणी?"

"आमेन म्हंजे काय, रेखा?"

"तसं असो."

"तसं असो म्हंजे सही झाली ना ती? मंग न वाचता सही कोन करतं? मान हालवायला मी काय नंदीबैल हाय?"

त्यांच्या या सहीचा पाळकसाहेबांनी चांगलाच धसका घेतला होता. एकदा मंडळीतल्या एका घरी प्रार्थनासभा होती. त्या घरातले दोघे भाऊ एका छपराखाली राहून एकमेकांशी बोलत नव्हते, हे सगळ्या सिडकोला ठाऊक होतं. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत रीतीप्रमाणे म्हटलं, "हे कुटुंब एकदिलाने राहतं म्हणून, प्रभो, आम्ही तुझे उपकार मानतो." बाकीच्यांचं आमेन होऊन गेलं. काकांचं येईना. पाळकसाहेबांनी एक डोळा उघडून पाहिलं, पुन्हा मिटला आणि म्हणाले, "म्हणजे, एकदिलाने राहावं अशी विनंती करतो." तेव्हा कुठे काकांचा आवाज लागला. आम्ही सगळे हसलो. धाकटी सून मात्र पदर तोंडाला लावून आत निघून गेली, आणि त्यानंतर दोघा भावांचं निदान बोलणं तरी सुरू झालं.

मार्था काकूंचा स्वभाव अगदी उलटा. त्या संडे स्कूलला शिकवत आणि आभार मानायला त्यांना निमित्तसुद्धा लागत नसे. जेवणाआधीची त्यांची प्रार्थना ताटातल्या भाकरीपासून निघायची आणि आजारी शेजारणी, परीक्षेला बसलेली मुलं, सीमेवरचे जवान असे सगळे थांबे घेत जायची. भिंतीपलीकडून मला शब्द न् शब्द ऐकू यायचा. मग काकांचा खर्ज, "आमेन." मग ताटांचा आवाज. या आमेनशिवाय त्या घरात कुणी घासाला हात लावत नसे. त्यांचा एकुलता एक मुलगा सुधीर ओरडायचा, "आई, वरण गार झालं, आता जवानांना सोड!"

सुधीरला अंबडलाच नोकरी लागली आणि त्याने मोटारसायकल घेतली. आमच्यात नवीन वस्तू आली की उपकारस्तुतीची सभा ठेवतात, तशी काकांनी ठेवली. मंडळी ओट्यावर, अंगणात, रस्त्यावर मावेल तशी उभी राहिली. गाडीला झेंडूची माळ घातली होती. पाळकसाहेबांनी तिच्या टाकीवर हात ठेवून प्रार्थना केली, "ही गाडी तू दिलीस म्हणून तुझे आभार. जाता-येता तुझी सावली हिच्यावर असू दे." काका त्या दिवशी घसा साफ करायलाही थांबले नाहीत. त्यांचं आमेन इतकं मोठं निघालं की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. काका स्वतःच हसत सुटले. त्यांना इतकं खूश मी ना आधी पाहिलं, ना नंतर.

त्याच गाडीवर सुधीर गेला. पहिली पाळी सुटल्यावर दुपारी घरी येत होता, चौकात ट्रकने उडवलं. काकूंनी ताटं वाढून ठेवली होती. तो आला की प्रार्थना करायची म्हणून दोघं ताटांपुढे नुसतीच बसून होती, तेव्हा अपघाताचा निरोप घेऊन मी त्या घरात गेले.

पाळकसाहेब भला माणूस. पण कबरीशी उभं राहून काय बोलायचं हे भल्या माणसालाही सुचत नाही, मग तो पाठ असलेलं बोलतो. "या तरुण लेकराला तू आपल्याजवळ बोलावून घेतलंस म्हणून, प्रभो, आम्ही तुझे आभार मानतो," असं ते म्हणाले आणि थांबले. सगळेच थांबले. काका शवपेटीकडे बघत उभे होते. त्यांचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. शेवटी कुठूनतरी एक बारीक आमेन आलं, त्यामागे आणखी चारदोन, आणि माती लोटायला सुरुवात झाली.

त्यानंतर काकांचं आमेन बंद झालं. चर्चला यायचे, नेहमीच्या बाकावर बसायचे, सगळे उठले की उठायचे. तोंड मात्र उघडायचे नाहीत, आणि मंडळी त्यांच्या आमेनसाठी थांबायची ती थांबायचीच. मंडळीतले वडीलधारे समजूत घालायला घरी आले. काकांनी त्यांना चहा दिला, त्यांचं सगळं ऐकून घेतलं. "देवाची काहीतरी योजना असेल, भालेराव," एकजण म्हणाला.

"तुमी बघितली का योजना?"

"आपल्याला कशी दिसणार?"

"मंग न बघता पास कशी केली?"

चहा पिऊन ते गेले.

माझ्याशी काका एकदाच या विषयावर बोलले. ओट्यावर बसले होते, मी मेथी निवडत होते. आपण होऊनच म्हणाले, "माझ्या आमेननं ट्रक आला आसं नाय मला वाटत. येडा नाय मी. पन त्या गाडीवर माझी सही होती. कारखान्यात माझा शिक्का मारलेला माल फुटून परत आला आसता, तर मी पुन्हा शिक्का हातात धरला नसता." मेथी तशीच माझ्या मांडीवर राहिली.

पण झालं काय, की आमेनशिवाय घास नाही हा नियम मोडायलाही ते तयार नव्हते आणि आमेन म्हणायलाही. यातून त्यांनी काढलेली वाट फार वाईट होती. काकू प्रार्थना करायच्या, थांबायच्या. भिंतीपलीकडे शांतता. मग काकूंचंच हलकं आमेन, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज. काका आपलं ताट उचलून ओट्यावर जायचे आणि रस्त्याकडे तोंड करून एकटे जेवायचे. उन्हात, थंडीत, पावसाची झड आत येत असतानासुद्धा.

काकू एकदा माझ्याकडे येऊन रडल्या. "ह्यांनी देवावर रागवावं गं, माझं काही म्हणणं नाही. मी तरी कुठे हसतेय? पण माझ्याबरोबर जेवायला बसावं. घरात दोनच माणसं उरलो आम्ही, आणि दोघं दोन ठिकाणी जेवतो. सुधीर गेला, तसे हेही गेल्यासारखेच झालेत. एकदा त्यांचं आमेन ऐकलं ना, की मी सुखाने डोळे मिटीन."

मग काकूंनी आपली प्रार्थना छाटायला घेतली. जवान गेले, परीक्षेची मुलं गेली. रोज एकच वाक्य उरलं आणि तेही रोज नवं. नवऱ्याला नाकारता येणार नाही असं काहीतरी त्या शोधत होत्या. "आज नळाला पूर्ण दाबाने पाणी आलं म्हणून तुझे आभार," त्या म्हणायच्या आणि वाट बघायच्या.

"पानी महापालिकेनं सोडलं," पलीकडून काकांचा आवाज.

दुसऱ्या दिवशी, "ज्वारी चांगली निघाली म्हणून तुझे आभार."

"काल खडा लागला."

मला इकडे हसू फुटलं, आणि पलीकडे काकूही हसल्या. पण ताट ओट्यावर गेलंच. पुढे एके दिवशी काकूंनी मनाचा हिय्या करून म्हटलं, "सुधीर आमच्या पोटी आला म्हणून तुझे आभार." त्या दिवशी काकांनी ताटही उचललं नाही. चपला घालून निघून गेले आणि दिवे लागल्यावर परत आले. उपाशीच होते. काकूही उपाशीच होत्या.

नंतर काकूंच्या किडन्या निकामी झाल्या. डायलिसिस सुरू झालं. रिक्षातून त्यांना नेताना-आणताना मी बरोबर असायचे. भरल्या अंगाच्या काकू वाळत वाळत अशा झाल्या की त्यांना उचलून पलंगावर ठेवताना काकांना जोरही लावावा लागत नसे. डॉक्टरांनी आशा ठेवू नका असं सांगितलं, तेही काकूंसमोरच. काकू त्यांना 'थँक यू, डॉक्टर' म्हणाल्या. मला त्या क्षणी त्यांचा रागच आला. कशाकशाचे आभार मानायचे माणसाने?

अशाच एका दुपारी दवाखान्यातून आलो. मी पेज करून आणली, काकांचं ताट वाढलं. काकूंनी पांघरुणावर हात जोडले. काका दाराशी उभे, ताट घेऊन बाहेर जायच्या तयारीत. "प्रभो," काकू म्हणाल्या आणि थांबल्या. धाप लागली होती. आज त्या कशाचे आभार मानणार म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "प्रभो, आम्हांला काही कळत नाही."

पुढे काहीच नाही. आभार नाहीत, मागणं नाही. मग दाराकडून घसा साफ केल्याचा आवाज आला.

"आमेन."

काकूंनी डोळे उघडले. "काय म्हणालात?"

"आयकलं ना तू."

"पुन्हा म्हणा."

"एका कागदावर दोनदा सही नसती, मार्था."

काकू हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. काका स्टूल ओढून पलंगाशी बसले आणि तिथेच जेवले. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले, कारण माझ्याने तिथे थांबवेना. काकू जाईपर्यंत त्या घरात रोज तेवढंच वाक्य म्हटलं जायचं, त्यावर तेवढंच आमेन यायचं, आणि दोघं एका जागी जेवायची. काकूंना पुढे पुढे चमचाभर पेजसुद्धा जाईना. तरी काका घास हातात धरून त्यांच्या वाक्याची वाट बघत बसायचे.

काकू गेल्या. दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी, दुःखातून सोडवलंस म्हणून आभार मानले. काका गप्प राहिले. अजून राग गेला नाही म्हाताऱ्याचा, असं परतताना लोक कुजबुजले. त्यानंतर काकाही फार दिवस राहिले नाहीत, पण होते तोवर त्यांचा डबा मी करत असे.

पहिल्या दिवशी डबा घेऊन गेले तेव्हा वाटलं, ओट्यावर असतील. ओट्यावर नव्हते. आत, टेबलाशी बसले होते. मी भाकरी, पिठलं वाढलं. ते हात मांडीवर ठेवून तसेच बसून राहिले.

"जेवा ना काका, गार होतंय."

"प्रार्थना कोन करनार?"

"तुम्हीच करा."

"मी केली तर सही कोन करनार? आपल्याच कागदावर आपली सही चालत नाय." त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. "बस."

मी काकूंच्या खुर्चीवर बसले. काकांनी डोळे मिटले. इतका वेळ गेला की मला वाटलं, त्यांना काही सुचत नसेल. मग ते सावकाश बोलले, एकेक शब्द हातात घेऊन पाहिल्यासारखे.

"देवा, मार्था होती. त्याचे आभार. सुधीर होता. त्याचे आभार. दोघांना नेलंस, त्याचे नाय."

एवढं बोलून ते थांबले. भिंतीपलीकडे माझ्या घरात कुकरची शिट्टी झाली. काकांची प्रार्थना संपली आहे आणि ते माझी वाट बघत आहेत, हे मला जरा उशिराच कळलं. जन्मभर मी तो शब्द उच्चारत आले होते, गॅसच्या काळजीत, घड्याळाकडे बघत. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांची सगळी वाक्यं मनात पुन्हा म्हणून पाहिली. शेवटच्या वाक्याशी थांबले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"आमेन," मी म्हटलं.

काकांनी डोळे उघडले, माझ्याकडे निरखून पाहिलं, आणि भाकरी मोडली.