न चाखलेली खिचडी

शाळेच्या समितीत पालकांमधून एक बाई लागत होती, म्हणून माझं नाव घातलं. मी चौथी शिकलेली. सही करायची आणि चटईच्या कडेला बसून यायचं. कुणी काही विचारत नव्हतं, ते बरं होतं.

गेल्या जूनमध्ये पोषण आहाराला वर्षभरासाठी स्वयंपाकीण नेमायची होती. दोघीजणी आल्या. मुख्याध्यापकांनी दोघींना शाळेतच खिचडी करून दाखवायला सांगितली. पहिली आमच्याच वस्तीवरची, दर साल नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी. फोडणी घालता घालता ती मला हळूच म्हणाली, "हे काम लागलं तर औंदा ऊस तोडायला जायची न्हाई मी. पोरगी चौथीला हाय. तिची शाळा तरी मोडायची न्हाई."

दोन ताटल्या पुढं आल्या. पुरुषांनी एकेक घास खाल्ला आणि "दोन्ही चांगल्या" म्हणून मोकळे झाले. मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. "ताई, चवीचं तुम्हालाच कळणार. तुम्ही म्हणाल ती नेमू."

त्या दिवशी माझी संकष्टी होती. एवढंच तोंडानं सांगायचं होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि जन्मात पहिल्यांदा मला कुणी काही ठरवायला सांगितलं होतं. खोटं कशाला लिहू, ते गोडही वाटलं. मी चमचा पदराआड नेला आणि तसाच परत ठेवला. दुसरीची खिचडी मोकळी, पिवळीधमक दिसत होती. तिच्याकडे बोट करून म्हणाले, "ही."

चार दिवसांनी पहिली गिरणीवर भेटली. "माझ्या खिचडीत काय कमी हुतं वो?"

मी घाबरले. तोंडाला आलं ते बोलले, "मीठ जरा जास्त झालं होतं."

"आसंल," ती म्हणाली. "माझा हात जडच हाय."

दिवाळीआधी ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर आला. तिची पोरगी भांड्यांच्या गोणीवर बसून गेली. नेमलेली बाई काम चांगलं करते, मुलं पोटभर खातात. कदाचित तीच योग्य असेल. पण मला ते कसं कळणार? मी चाखलंच नव्हतं.

परवा ऊसतोडीहून परतलेल्या त्या मायलेकी डबा घेऊन दारात आल्या. वांग्याचं कालवण आणि भाकरी.

"खाऊन बघा. आता मीठ बेतानं घालते. घरात समदे आळणी आळणी म्हनून वरडत्यात. पन जूनला पुन्हा निवड हाय ना?"

पार आळणी होतं. घास गिळवेना. तेव्हा कुठं माझ्या तोंडून निघालं, "तुझी खिचडी मी खाल्लीच नव्हती. उपास होता माझा."

तिनं डब्याला झाकण लावलं.

"मंग तवाच सांगायचं हुतं, बाई. चाखायला दुसऱ्या कुनाला बोलावलं आस्तं."

पोरीचा हात धरून ती गेली.

समितीतून नाव काढा, असं सांगायचं माझ्या मनात होतं. पण तसं केलं तर मी पुन्हा न बोलताच सुटेन. सोमवारी बैठक आहे. सगळ्यांसमोर हेच सांगायचंय, म्हणून आधी वहीत लिहून बघितलं.