दहा वेळचा चिखल

चौसष्टाव्या वाढदिवसाला माझ्या मुलीने मला चिखल भेट दिला. एकदा नव्हे, दहा वेळचा. ती राहते कॅनडात. तिथे बसून तिने मोबाइलवर बदलापूरजवळच्या सोनिवलीच्या पुढचं एक निसर्गोपचार केंद्र शोधलं, पैसे भरले आणि मला फोन केला. म्हणाली, मड बाथ आहे, गुडघ्यांना बरं आणि डोक्यालाही शांत. माझं डोकं अशांत आहे हे तिला कुणी सांगितलं, असं विचारणार होते, पण तिच्या मागे मुलं भांडत होती आणि तिला फोन ठेवायची घाई होती. लहानपणी हीच मुलगी चिखलाचे पाय घेऊन आली की मी तिला दारातच उभी करत असे. तिने आता त्याचा वचपा काढला.

मी अंबरनाथ पूर्वेच्या एका शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं. कडक बाई म्हणून माझं नाव होतं आणि मला ते आवडायचं. आता बदलापुरात हेंद्रेपाड्याला दोन खोल्यांत एकटी राहते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. एकटीचं काही अडत नाही, असं मी सगळ्यांना सांगते आणि ते बऱ्यापैकी खरं आहे. दूध येतं, भाजी येते, गॅस येतो. माणसं येत नाहीत, एवढंच.

केंद्र म्हणजे नव्या इमारतींच्या मागे उरलेला शेताचा तुकडा. पत्र्याची शेड, केळीची झाडं, बांबूच्या चटयांचे आडोसे आणि प्रत्येक आडोशात बसायला एक ओटा. जमिनीत चार फूट खालची माती काढून, वाळवून, चाळून रात्रभर भिजत घातलेली असते. ती अंगभर लावायची, उन्हात बसून वाळू द्यायची आणि मग धुऊन टाकायची. याला उपचार म्हणतात. मी पहिल्या दिवशी जुनं कापड गुंडाळून ओट्यावर बसले तेव्हा मला स्वतःचंच हसू येत होतं.

लेप लावायला एक बाई होती. तिथे सगळे तिला मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. वास्तविक ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान. तिथल्याच गावातली. तिच्या घरची भातशेती होती, ती जाऊन तिथे टॉवर उभे राहिले. पहिल्या दिवशीच तिने मला सांगितलं, पूर्वी या चिखलात रोपं लावायची, आता चिखलच माणसांना लावते. हे सांगताना ती हसली, म्हणून मीही हसले.

तिने आधी पाय लिंपले, मग हात. मग मागे गेली आणि तिचा तळहात माझ्या पाठीच्या मधोमध पडला. मला एकदम रडू आलं. दुखलं नव्हतं, कसली आठवणही आली नव्हती. सहा वर्षांत माझ्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता आणि हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊकच नव्हतं. हाताला माणसं लागतात. सुटे पैसे परत देताना लागतात, कुणी रस्ता ओलांडायला मदत करताना लागतात. पाठीला कोण कशाला हात लावेल?

मावशीने माझे खांदे हलताना पाहिले असणार. थंड लागतंय का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. बत्तीस वर्षं पोरांना खरं बोलायला सांगणारी मी, चिखल थंड आहे म्हणून मोकळी झाले.

पुढच्या मंगळवारी गेले, तर चिखलाची एक बादली उन्हात काढून ठेवलेली होती. मावशी म्हणाली, तुमची आहे. चिखल कोमट झाला होता. घरी येताना रिक्षात मी त्या बादलीचाच विचार करत होते. कुणीतरी सकाळी माझी आठवण काढून ती जड बादली उचलून उन्हात नेली होती.

चेहऱ्याला लेप लागला की बोलायचं नाही, असा तिथला नियम. ओठ हलले की लेपाला भेगा पडतात. मी मावशीला सांगितलं, माझा चेहरा शेवटी घ्या. तिने काही न विचारता ऐकलं. तेव्हापासून पाय, हात आणि पाठ होईपर्यंतचा अर्धा तास माझा झाला. आठवडाभर मी बोलण्याचे विषय जमवू लागले. खालच्या मजल्यावरच्यांनी जिन्यात चपलांचं कपाट ठेवलं ते, पाणी दोन दिवस आलं नाही ते, नातवाला मराठी वाचता येत नाही ते. विसरू नये म्हणून कॅलेंडरवर खुणा करून ठेवायचे. मावशीही बोलायची. तिची सून, तिची शेळी, शेळीने सुनेच्या साडीचा पदर खाल्ला ती गोष्ट. मी पोट धरून हसले होते.

सातव्या वेळी रिक्षा लवकर मिळाली आणि मी वीस मिनिटं आधी पोहोचले. पलीकडच्या आडोशात उल्हासनगरची कुणी सिंधी बाई बसली होती. मावशी तिला मोडक्या हिंदीत शेळीची गोष्ट सांगत होती. पदर, सून, सगळं तेच आणि मला सांगताना थांबली होती तिथेच थांबत होती. ती बाईसुद्धा पोट धरून हसली. मग माझं लक्ष शेडच्या खांबाकडे गेलं. खिळ्याला गिऱ्हाइकांची कार्डं अडकवलेली होती आणि सगळ्यात वर माझं होतं. ऑफिसातल्या मुलीच्या अक्षरात लिहिलं होतं: थंडी सोसत नाही, बादली उन्हात ठेवणे. चेहरा शेवटी.

मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही, कारण कुणाचं काहीच चुकलं नव्हतं. खरं सांगायचं तर मत्सरही वाटला, तोही एका अनोळखी बाईचा, या वयात. त्या दिवशी मी मावशीला म्हटलं, आज चेहरा आधी घ्या. तिने घेतला. का, असं तिने विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी तोंड बंद करून बसले आणि घरी येऊन न जेवता झोपले.

आठव्या आणि नवव्या वेळी मी पुन्हा बोलू लागले, कारण न बोलणं मलाच जड गेलं. पण आता मोजदाद सुरू झाली होती. एकच वेळ उरली होती. नंतर मंगळवारी काय करायचं, हे मला कळत नव्हतं. आणखी दहा वेळांचे पैसे मी भरू शकले असते. पण मला कार्ड होऊन जायचं नव्हतं. या बाईने एकदा तरी माझ्या घरी नुसतं माणूस म्हणून यावं, एवढंच मनात होतं आणि ते सांगायची मला लाज वाटत होती.

दहाव्या दिवशी ती पाठीवर लेप लावत असताना मी म्हटलं, "मावशी, शनिवारी माझ्याकडे या."

तिचा हात थांबला. "घरी जाऊन करायला बंदी हाय बाई. मॅडमला कललं तर कामावरून काढतील."

"लेपासाठी नाही. नुसत्या या. चहाला."

"नुसती येऊन काय करू?"

तिने ते खरंच विचारलं होतं. त्यात ना कुजकेपणा होता, ना नकार. चकल्या करणार आहे, असं काहीतरी मी म्हणाले. मग तिने, येईन, असं सांगितलं. असं आपण सगळेच म्हणतो, म्हणून मी ते धरून चालले नव्हते. तरी शनिवारी सकाळी चकल्या केल्या आणि तीन वाजल्यापासून गॅलरीत उभी राहिले.

ती चार वाजता आली. इस्त्रीची साडी, केसात अबोली, हातात घरच्या काकड्यांची पिशवी. सोफ्याच्या अगदी कडेला बसली. चहा झाला, चकल्या झाल्या. सून बरी आहे का, असं मी विचारलं, ती बरी आहे म्हणाली. मुलगी कधी येणार, असं तिने विचारलं, मी माहीत नाही म्हणाले. मग दोघी गप्प. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही एकमेकींशी समोरासमोर कधी बोललोच नव्हतो. ती माझ्या पाठीशी बोलायची आणि मी समोरच्या चटईशी. आता समोर चेहरा होता आणि दोघींनाही त्याच्याकडे कुठवर बघायचं ते कळत नव्हतं.

मावशीने आपले स्वच्छ धुतलेले हात मांडीवर उलटसुलट केले. मग जरा पुढे सरकून म्हणाली, "पाठ दुखते का बाई? देऊ चोलून?"

मी हो म्हटलं असतं तर तिलाही सुटल्यासारखं झालं असतं आणि मलाही. तिचा हात पाठीवर आला असता आणि पुढे सगळं आपोआप जमलं असतं. हो माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "पाठ दुखत नाही. कधीच दुखत नव्हती."

"मग निघू मी?" ती उठलीसुद्धा.

नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांत मी त्याला जे म्हणाले नाही, मुलगी विमानतळावर आत गेली तेव्हा तिला जे म्हणाले नाही, ते मी या बाईला म्हणाले. "नका जाऊ एवढ्यात. मला एकटीला करमत नाही."

मावशीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिला घरी स्वयंपाक होता, सूनबाई वाट बघत असणार, हे मला दिसत होतं. ती परत बसली. पदर सारखा केला, पाय जवळ घेतले आणि माझ्याकडे बघत राहिली, आजारी माणसाजवळ बसतात तशी. मला तेवढंही चाललं.